बंधाऱ्यावरचे फलक उतरवा : सर्व पक्षांच्या प्रदेशाध्यक्षांना एका गावातून खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व राजकीय पक्षांचे प्रदेशाध्यक्ष

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या ओढ्यावर एक जुना कोल्हापुरी बंधारा आहे. यंदा दिवाळीच्या सुमारास तो बऱ्याच वर्षांनी तुडुंब भरला आणि आठवड्याभरात त्याच्या दोन टोकांना दोन फलक उभे राहिले. एक एका पक्षाचा, एक दुसऱ्याचा. दोन्हींवर हात जोडलेले नेते, खाली गल्लीतल्या कार्यकर्त्यांचे फोटो आणि मजकूर जवळपास एकच: यांच्या अथक प्रयत्नांतून बंधाऱ्याचे काम पूर्ण, जाहीर आभार. त्या कामात दोन्ही पक्षांचा एक रुपया नाही. फलक कुणाचा आधी, कुणाचा मोठा यावरून रात्री पोरांची मारामारी झाली, एकाला टाके पडले, दोन्हीकडून पोलिसांत तक्रारी गेल्या. त्यातले दोघे माझे पुतणे, एकाच अंगणात वाढलेले. ते आज एकमेकांशी बोलत नाहीत.

आपल्यापैकी कुणाचंही नाव मी घेणार नाही. यंदा या दोन पक्षांचे फलक लागले, पुढच्या वर्षी आणखी दोघांचे लागतील. हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण बंद पाकिटातल्या निवेदनांचं काय होतं ते आमच्या गावानं पाहिलं आहे. निवेदन स्वीकारतानाचा फोटो पेपरात छापून येतो. निवेदन कुठं जातं ते कळत नाही.

मी शेतकरी आहे, गावातल्या बचत गटाचा हिशेब लिहिते. बंधाऱ्याच्या वर्गणीची वही म्हणूनच माझ्याकडे आली. माझी विहीर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला आहे. बंधारा भरला तर हरभरा-ज्वारी हाताला लागते आणि उन्हाळ्यात जनावरांना पाणी मिळतं. नाही भरला तर फेब्रुवारीतच विहिरीचा तळ दिसतो. माझा या प्रकरणात जीव गुंतलेला आहे तो असा.

कोल्हापुरी बंधारा चालतो तो बर्ग्यांवर. दगडी खांबांच्या खाचांत लोखंडी बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यानंतर बसवायचे, पाणी अडवायचं आणि पुढचा पूर येण्याआधी काढून ठेवायचे. एवढं सोपं तंत्र आहे. आमचे बर्गे मात्र गंजले, काही चोरीला गेले, फटी बुजवणारं रबर कुजलं. पावसाळा संपला की सगळं पाणी गाळ्यांतून निघून जायचं आणि गाव काठावर उभं राहून बघायचं. दुरुस्तीचं काम एका सरकारच्या काळात मंजूर झालं. प्रशासकीय मान्यता आली, आभाराचा फलकही लागला. मग सरकार बदललं आणि कामाला स्थगिती आली. पुढं स्थगिती उठली असं सांगण्यात आलं, तोवर ज्यांच्या शिफारशीनं काम मंजूर झालं होतं त्यांनी पक्ष बदलला होता. कागद ज्या टेबलावर होता तिथंच राहिला.

शेवटी गावानं ग्रामसभा घेतली. आधी महिलांची सभा झाली आणि विषय खरं तर तिथंच मार्गी लागला, कारण उन्हाळ्यात हंडा घेऊन दोन शेतं ओलांडणाऱ्या बायकाच तिथं बसल्या होत्या. पहिल्या वर्षी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला. त्यानं थोडं पाणी थांबलं आणि थोडा विश्वास आला. मग विभागाची लेखी परवानगी काढली, एकरी 500 रुपये वर्गणी ठरवली, ज्यांना जमीन नाही त्यांनी श्रमदान करायचं ठरलं. शेजारच्या गावातल्या वेल्डरनं बर्गे करून दिले, रबर तालुक्याहून आणलं. वहीत प्रत्येक नाव आहे, प्रत्येक पावती आहे आणि हिशेबाची प्रत शाळेच्या भिंतीवर लावली आहे. कुणी किती दिले, कुणी अजून दिले नाहीत, डिझेलवर किती गेले, सगळं कुणालाही वाचता येतं. त्या यादीत पक्षाच्या खात्यातून आलेली एकही रक्कम नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार आपण गावात येता कसे, याबद्दल आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. गावाचा कारभार गावानं आपल्या माणसांकडे बघून ठरवावा, हे त्यामागचं शहाणपण. प्रत्यक्षात निकालाच्या संध्याकाळी आपण सगळेच दावे करता की इतक्या ग्रामपंचायती आमच्या. या दाव्यांची बेरीज केली तर ती एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते, हे दर निवडणुकीत दिसतं. त्यापुढचं नुकसान मात्र आकड्यात दिसत नाही. भावकीतली जुनी भांडणं आता पॅनेलची भांडणं झाली आहेत. पूर्वी बांधावरून वाद झाला तरी लग्नकार्यात माणसं एकत्र यायची. आता कुणाच्या मांडवात कुठला नेता येणार हे आधी बघतात आणि मग जायचं की नाही ते ठरवतात. मयताला खांदा देतानाही कोण कुठल्या गटाचा याची कुजबुज चालते. हे मी माझ्या गावात बघते आहे आणि मला ते सहन होत नाही.

दुसरी तक्रार कायद्याची आणि योजनांची. आमचा सरपंच आम्ही कसा निवडायचा हे मुंबईत कोण बसलं आहे त्यावर ठरतं. 2017 साली सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं, 2020 साली ते रद्द होऊन पुन्हा सदस्यांनी निवडायचं ठरलं, 2022 साली पुन्हा थेट. यातली कुठली पद्धत चांगली यावर दोन मतं असू शकतात, माझंही एक मत आहे. पण पाच वर्षांत तीनदा नियम फिरले आणि एकदाही ग्रामसभांना विचारलं गेलं नाही. पाण्याच्या कामांचंही तेच. जलयुक्त शिवार आली, 2019 नंतर थांबली, पुन्हा सरकार बदलल्यावर नव्या क्रमांकानं परत आली. त्या योजनेत दोष होते, ओढे-नाले वाजवीपेक्षा खोल खणले गेले असं जाणकारांनी तेव्हाही सांगितलं होतं. मग दोष दुरुस्त करायचे. आधीच्यांची योजना म्हणून थांबवायची आणि आपली म्हणून सुरू करायची, यात ओढ्याला काय मिळालं?

तिसरी तक्रार सगळ्यात जड आहे. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू आहे. मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे असं घटना सांगते. तरी मार्च 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तिथं प्रशासक बसले. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात होता हे मला माहीत आहे आणि ओबीसींच्या हक्काचं मोल मी कमी लेखत नाही. पण प्रभाग कसे पाडायचे, अधिकार कुणाचा, यावरून जो खेळ चालला त्यात आपण सगळे आळीपाळीनं होतात. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की चार महिन्यांत निवडणुका घ्या. त्या काळात जिल्हा परिषदेत आमचं म्हणणं मांडायला निवडून आलेला एकही माणूस नव्हता. शाळेला शिक्षक कमी, उपकेंद्रात औषध नाही, हे सांगायचं कुणाला? विधानसभेची निवडणूक मात्र ठरल्या वेळी, 20 नोव्हेंबर 2024 ला झाली. आपल्याला गरज असते तेव्हा निवडणूक वेळेवर होते, हे आम्ही लक्षात ठेवलं आहे.

पक्षांतराबद्दल थोडंच लिहिते, कारण त्यावर बोलून लोक थकले आहेत. 1985 साली पक्षांतरबंदीचा कायदा झाला. 2003 साली एक तृतीयांश आमदारांनी फुटून निघायची सूट काढली. दोन तृतीयांशांनी विलीन व्हायची वाट राहिली आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांच्या हाती राहिला, जे स्वतः कुठल्या ना कुठल्या पक्षातूनच येतात. 2019 पासून पुढच्या चार वर्षांत या राज्यानं जे बघितलं त्यानंतर माझ्या शेजारच्या आजोबांनी मला विचारलं, मी मत दिलं ते आता कुणाकडे आहे? ते प्रत्येक निवडणुकीला सकाळी पहिल्या रांगेत उभे राहतात. त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपल्याकडे असेल तर जाहीरपणे द्या.

आणि एक तक्रार बारीक वाटेल, पण माझ्या मते तीच मुळाशी आहे. 'आमचं गाव, आमचा विकास' या नावानं गावानं स्वतःचा आराखडा करायचा असतो. आम्ही केला. त्यात पहिल्या क्रमांकावर बंधारा होता, दुसऱ्यावर दलित वस्तीतली पाण्याची टाकी. आमदार निधीतून गावात काय आलं? सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि गावाच्या वेशीवर कमान. कमान कुणी मागितली हे मी ग्रामसभेत विचारलं होतं. कुणीच मागितली नव्हती. वरून मंजूर होऊन आली. गावाच्या गरजेचं काम पाण्याखाली जातं, मातीत गाडलं जातं, ते रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही. कमान दिसते आणि तिच्यावर नाव लिहिता येतं.

या सगळ्यानंतर आमच्या गावात बऱ्याच जणांनी एक गोष्ट ठरवली. पक्षाची वाट बघत बसायचं नाही. जे आपल्या हातात आहे ते आपण एकत्र बसून करायचं.

यात आम्ही काही नवं करतो आहोत असं मुळीच नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम आजही वाचावेत असे आहेत: पाणी जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचं, भूमिहीनालाही हक्क द्यायचा, ऊस लावायचा नाही, खर्चात लाभार्थ्यानं स्वतःचा वाटा घालायचा. हिवरे बाजारनं 1989 पासून पोपटराव पवार यांच्यासोबत गाव सावरायला सुरुवात केली आणि पुढं पाण्याचा ताळेबंद मांडला. किती पाऊस पडला, त्यावर कुठलं पीक घ्यायचं, हे तिथं ग्रामसभा ठरवते. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही हा नियम गावानं स्वतःवर घातला आणि पाळला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हटलं. ते नुसतं म्हणून थांबले नाहीत. वनहक्क कायद्याखाली 2009 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकारही मिळवला. तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत. सगळ्यांची संमती होईपर्यंत बसतात, पुन्हा बसतात. आमच्याकडे अजून ते जमत नाही, पण बंधाऱ्याचा निर्णय असाच झाला आणि म्हणून वर्गणी वसूल झाली. हात वर करून बहुमतानं केला असता तर निम्म्यांनी दिली नसती, याची मला खात्री आहे.

गावाला डोक्यावर घेऊन नाचायचा माझा विचार नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याबद्दल जे कठोर शब्द वापरले, संकुचितपणाची आणि अज्ञानाची गुहा म्हणाले, ते खोटं नव्हतं आणि आजही पुरतं खोटं झालेलं नाही. गावकी म्हणजे चार मोठ्या घरांची मर्जी असेल तर त्यापेक्षा पक्ष परवडला, असं वस्तीतल्या एका ताईंनी मला तोंडावर सांगितलं. त्यांचं म्हणणं ग्रामसभेत ठेवलं. त्यानंतर ठरलं की बंधाऱ्याच्या समितीत निम्म्या बायका असतील, वस्तीतले दोघे असतील आणि श्रमदान करणाऱ्या भूमिहीनांना काठावरच्या पडीक पट्ट्यात भाजीपाल्यासाठी पाण्याचा हक्क असेल. यावरून सभेत आवाज चढले. एक मोठे शेतकरी उठून गेले. ठराव तरी झाला आणि तो लिहिलेला आहे. स्वावलंबनाच्या नावाखाली काय काय चालतं तेही आम्ही जाणतो. सरपंचपदाचा लिलाव करून पैसा देवळाला लावायचा, यालाही काही गावं एकोपा म्हणतात. जानेवारी 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगानं नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथल्या निवडणुका याच कारणावरून रद्द केल्या, ते योग्यच झालं. पैशानं विकत घेतलेली बिनविरोध निवड आम्हाला नको.

आणखी एक गैरसमज होऊ नये. आम्ही मतदानावर बहिष्कार घालणार नाही. मत हा आमचा हक्क आहे, तो मिळवायला माणसं झिजली आहेत. सरकारची जबाबदारी संपली असंही आम्ही म्हणत नाही. गावानं वर्गणी काढली म्हणून शाळेतला शिक्षक, आरोग्य केंद्रातला डॉक्टर, रस्ता आणि वीज ही गावानं बघावी असं जर कुणी उद्या म्हणू लागलं तर त्याला आमचा विरोध राहील. आम्ही कर भरतो. साबणाच्या वडीवरसुद्धा भरतो. हिवरे बाजारनंही सरकारी योजना घेतल्या. पैसा कुठून आला यापेक्षा तो कशावर खर्च करायचा हे कुणी ठरवलं, हा माझ्या लेखी खरा प्रश्न आहे. आमच्या पदरात मेहेरबानी टाकल्यासारखा आमचाच पैसा येतो आणि त्याबदल्यात आमची पोरं आपल्या झेंड्याला लागतात, हे आता थांबायला हवं.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. ग्रामसभेत चर्चा होऊनच त्या लिहिल्या आहेत.

बंधाऱ्यावरचे दोन्ही फलक ज्यांनी लावले त्यांनीच सन्मानानं उतरवावेत. आम्ही ते फाडणार नाही. त्या जागी गाव वर्गणीदारांची आणि श्रमदान करणाऱ्यांची यादी लावणार आहे.

पोलिसांत गेलेल्या पोरांना आपल्या पक्षांच्या स्थानिक पुढाऱ्यांनी वकील आणि जामीन देऊन भांडण पेटतं ठेवू नये. दोन्ही घरं तडजोडीला तयार आहेत. मध्ये पडू नका, एवढंच मागणं आहे.

ग्रामपंचायत निवडणुकीत पॅनेलला पैसा, गाड्या आणि जेवणावळी पुरवणं आपण सगळ्यांनी मिळून बंद करावं आणि निकालानंतर ग्रामपंचायती आपल्या नावावर मोजणं सोडावं. यासाठी कायदा लागत नाही. प्रदेशाध्यक्षांचं एक परिपत्रक पुरतं.

गावात होणारं कुठलंही काम, आमदार निधीतलं असो की खासदार निधीतलं, ग्रामसभेच्या आराखड्यात असल्याशिवाय सुचवू नये. आपल्या लोकप्रतिनिधींना तसं लेखी बंधन घालावं. सरकार बदललं म्हणून मंजूर कामाला स्थगिती द्यायची असेल तर कारण लेखी द्यावं आणि ते संबंधित ग्रामसभेला कळवावं. काम खरोखर चुकीचं असेल तर आम्हीही स्थगितीच्या बाजूनं उभे राहू.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका मुदतीत होतील आणि निवडीचे नियम निवडणुकीच्या तोंडावर बदलले जाणार नाहीत, असं वचन पुढच्या जाहीरनाम्यात सर्व पक्षांनी एकाच शब्दांत द्यावं.

निवडून आल्यावर ज्याला पक्ष सोडायचा असेल त्यानं आधी राजीनामा द्यावा आणि पुन्हा आमच्यापुढं यावं. कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर आपापल्या पक्षात दुसरीकडून आलेल्या आमदाराला राजीनाम्याशिवाय घ्यायचं नाही, एवढं तर आपण आजपासून ठरवू शकता.

यातल्या कुठल्या मागण्या आपल्याला मान्य आहेत आणि कुठल्या नाहीत, ते कारणासह कळवा. नकार आला तरी चालेल, आम्ही तो जसाच्या तसा वाचून दाखवू. हे पत्र 1 मेच्या ग्रामसभेत वाचलं जाणार आहे. आपलं उत्तर त्याआधी आलं तर त्याच सभेत वाचू, नंतर आलं तर 15 ऑगस्टच्या सभेत. आपल्यापैकी कुणाला स्वतः येऊन बोलायचं असेल तर तेही या. गाड्यांचा ताफा, हार-तुरे आणि झेंडे न आणता या, सतरंजीवर गावकऱ्यांसोबत बसा, प्रश्न ऐका. चहा गाव देईल.

पावसाळ्याआधी बर्गे काढून गोदामात ठेवायचे आहेत आणि कुजलेलं रबर बदलायचं आहे. त्याची वर्गणी याच महिन्यात गोळा करतो आहोत. आपल्या पक्षांच्या ज्या कार्यकर्त्यांची शेतं आमच्या शिवारात आहेत त्यांनी आपला एकरी वाटा वहीत जमा करावा. पावती त्यांच्या स्वतःच्या नावानं मिळेल.

कळावे,
आपली,
बंधाऱ्याच्या वर्गणीची वही लिहिणारी ग्रामसभेची एक सदस्य